कवळीकाकूंचा डावा हात

डायलिसिसच्या खोलीत हातमोजा घालून बसणाऱ्या कवळीकाकू एकट्याच. तोही एकाच हातात, डाव्या. राखाडी लोकरीचा, मनगटापाशी जरा उसवलेला. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ त्या खोलीतले सगळ्यांत जुने पेशंट. त्यामुळे निवडणूक न होताच ते तिथले ‘अध्यक्ष’ झाले होते. मोजा दिसला त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय काकू, दुसरा मोजा हरवला वाटतं?"

"हरवतोय कसला, नवऱ्याला दिलाय. दोघांत एक जोडी. संसार काटकसरीनं करावा लागतो."

खोली हसली आणि विषय तिथेच मिटला. मोज्याच्या आत काय चाललंय हे पुढे कुणी विचारलं नाही आणि काकूंनी आपण होऊन सांगितलं नाही. आत त्यांची बोटं दर खेपेला थोडी अधिक गार पडत होती. मशीन सुरू झालं की पहिल्या तासात करंगळी जाई, मग अंगठी घालायचं बोट, मग मधलं. जाई म्हणजे असून नसल्यासारखं होई. चार तासांनी मशीन बंद झालं की बोटं परत येत, पण उशिरा आणि कुरकुरत, माहेरी गेलेल्या सुनेसारखी.

काकूंना वाटे, किडन्या गेल्या म्हणजे शरीर असंच हप्त्याहप्त्यानं जाणार. भूक गेली, चव गेली, रात्रीची झोप गेली. आता बोटं. तक्रार तरी कशाकशाची करायची?

बोटं मात्र त्यांना भुकेपेक्षा आणि चवीपेक्षा जास्त हवी होती. काकूंचा पोटापाण्याचा उद्योग कवळ्या बनवण्याचा होता. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप तेवढे दिसत. टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाचे पत्रे, मेण कोरायच्या सुऱ्या आणि प्लास्टरचे जबडे. नवख्या माणसाला ते जबडे बघून दचकायला होई. काकू त्यांच्याकडे बघत दुपारचा डबा खात. पुढच्या खोलीत डॉक्टर माप घेणार आणि मागच्या खोलीत काकू दात बसवणार, ही वाटणी वर्षानुवर्षांची होती. एकेक दात मेणात उभा करायचा, हिरडीचा उंचसखलपणा कोरायचा, बोट फिरवून बघायचं, पुन्हा कोरायचं. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं. कवळी तोंडात टोचणार की बसणार, हे काकूंची तर्जनी आधीच सांगून टाकी. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की काकू आधी दात बघत आणि मग चेहरा. "चेहरे मी विसरते," त्या म्हणत, "चावा विसरत नाही."

ही तर्जनी डाव्या हाताची होती. सगळं पुढचं रामायण तिथूनच सुरू होतं.

काकू जन्मानं डावखुऱ्या. लहानपणी थोरल्या बहिणीनं जेवताना त्यांचा डावा हात केसांच्या रिबिनीनं पाठीमागे बांधून ठेवला होता. शाळेत बाईंच्या पट्टीनं उरलेलं काम केलं. काकू उजव्या हातानं लिहायला शिकल्या, जेवायला शिकल्या, चारचौघांत काही द्यायचं-घ्यायचं ते उजव्यानं करायला शिकल्या. अक्षर तर असं वळणदार झालं की बाईंनी वर्गात फिरवून दाखवलं. पण सुरी हातात आली की सुरी डाव्या हातात जाई. पहिल्यांदा कवळीच्या कामाला लागल्या तेव्हा शिकवणाऱ्या मास्तरांनी बघितलं आणि म्हणाले, "हात कुठला का असेना, दात बसले पाहिजेत." दार लावलेल्या खोलीत पट्टी नव्हती आणि रिबीनही नव्हती. डावा हात तिथे मोकळा झाला. बाहेर पडताना काकू त्याला पुन्हा पदराखाली घेत.

काकूंचे यजमान पाणीपुरवठ्यात होते. डायलिसिसच्या खोलीत त्यांना सगळे काका म्हणू लागले होते, तेव्हा आपणही काकाच म्हणू. त्यांची नोकरी वस्त्यांना पाणी सोडण्याची. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून पहाटे घराबाहेर पडायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, व्हॉल्व्ह फिरवायचे. घरी येईपर्यंत काकू कामावर गेलेल्या असत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको कुठल्या हातानं भाजी चिरते हे काकांनी पाहिलं नव्हतं. त्यांनाच कशाला बोल लावायचा? ते पाहणारा नवरा अजून जन्माला यायचा आहे.

काकूंना मधुमेह जुना होता. त्यानं आतल्या आत किडन्या पोखरल्या आणि कळेपर्यंत हातपाय सुजले, अन्नावरची वासना गेली, उलट्या सुरू झाल्या. डायलिसिस ठरलं. आधी मानेत नळी घालून काम भागवलं. त्या नळीतून जंतू शिरले आणि काकू तापानं फणफणल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, हातावर फिस्टुला करून घेऊ. फिस्टुला म्हणजे कोपराजवळची एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडून टाकायची. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरतं, शीर फुगून दोरखंडासारखी होते आणि मग तिच्यात मशीनच्या जाड सुया टोचता येतात. डायलिसिसच्या माणसाचा जीव त्या शिरेवर असतो.

कुठल्या हातावर करायचा, हे ठरवायला एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी विचारलं, "लिहिता कुठल्या हातानं?"

काकूंच्या मांडीवर त्या वेळी उलटीचं भांडं होतं. उत्तर काकांनी दिलं.

"उजव्या. अक्षर बघाल तर छापल्यासारखं."

"मग डाव्यावर करू. कामाचा हात मोकळा राहील."

काकूंनी ऐकलं होतं. त्या बोलू शकल्या असत्या. पण कुणीतरी ‘उजवा’ म्हणायचं आणि आपण मान हलवायची, ही सवय हाडीमांसी भिनलेली. आणि तरुण डॉक्टर पुढे म्हणाले होतेच की, हात नेहमीसारखा वापरता येईल, जड उचलू नका म्हणजे झालं. मेणाची सुरी काही जड नव्हती. काकूंनी मान हलवली.

फिस्टुला छान झाला. दोन महिन्यांत शीर टरारून वर आली. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागे. काका रोज सकाळी तळवा ठेवून बघत आणि म्हणत, "पाणी आलंय." मानेतली नळी निघाली. सगळं मार्गी लागलं असं वाटायला लागलं आणि तेव्हाच बोटं गार पडायला लागली.

काकूंनी यावर आपल्या परीनं उपाय केले. मोजा हा एक. दुसरा म्हणजे मेण मऊ करायला टेबलावर कोमट पाण्याचं भांडं असे, त्यात हात बुडवून ठेवणं. घटकाभर बरं वाटे. मग पुन्हा सुरी हातात आली की ती बोटांत आहे की नाही हे बघून ठरवावं लागे.

त्याच दिवसांत एक खास काम आलं होतं. टेलिफोनच्या कचेरीत आयुष्यभर ऑपरेटर म्हणून काम केलेल्या एक बाई. त्यांचे उरलेसुरले दात काढून झाले होते. त्या मागच्या खोलीत स्वतः आल्या आणि काकूंसमोर एक फोटो ठेवला. फोटोत त्या हसत होत्या आणि पुढच्या दोन दातांमध्ये चांगली फट होती.

"ही फट हवी," बाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या.

"लोक फट बुजवायला पैसे देतात, बाई."

"लोकांना देऊ देत. या फटीतून माझा ‘स’ जरा शिटी मारायचा. तेवढ्यावरून माणसं मला फोनवर ओळखायची. नवे दात नकोत मला, माझेच हवेत."

अशी कामं काकूंच्या फार आवडीची. फट नुसती सोडून भागत नाही. दात किंचित आत-बाहेर वळवावे लागतात, मधली हिरडी खरी वाटेल अशी टोकदार कोरावी लागते. काकूंनी दिव्यावर सुरी तापवली, पात्याच्या पाठीवर तर्जनी टेकवली आणि कोरायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांना कसलातरी वास आला. आधी वाटलं, मेण जळतंय. मेण ठीक होतं. जळत होतं ते बोट. सुरी नेहमीपेक्षा जास्त तापली होती आणि तर्जनीनं हे सांगितलंच नव्हतं.

काकूंनी बोट पाण्यात धरलं. फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांना हायसं वाटलं. वर मोजा चढवला आणि नेहमीच्या वारी डायलिसिसला गेल्या.

फोड फुटला, पण भरेना. टोकाची कातडी पिवळी पडली, मग कडेनं काळसर. काकू मोजा काढीनाशा झाल्या. शेवटी मशीन लावणाऱ्या सिस्टरनं एके दिवशी सुया हातात धरूनच ठेवल्या.

"काकू, मोजा काढा."

"राहू दे गं. गार लागतं."

"किती गार लागतं तेच बघायचंय. काढा."

"आज घाईत आहेस ना?"

"आज मला मुळीच घाई नाही."

अध्यक्ष शेजारून म्हणाले, "काढा हो काकू, आत सोनं लपवलं असलं तर वाटून घेऊ."

मोजा निघाला. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होती. तर्जनीचं टोक बघून अध्यक्षांनी मान दुसरीकडे वळवली. त्यानंतर त्यांनी मोज्यावरून विनोद केला नाही.

"हे काय?"

"पोळलं जरा."

"दुखत नाही?"

"अजिबात नाही. तेवढं एक बरं आहे."

"काकू," सिस्टर म्हणाली, "तेच तर बरं नाही."

त्या दिवशी मशीन हळू चालवलं आणि ते संपल्याबरोबर काकूंना फिस्टुला ज्यांनी केला होता त्या डॉक्टरबाईंकडे नेलं. काका बाहेर बाकावर बसले होते, तेही मागोमाग आत आले. डॉक्टरबाई वयानं काकूंच्या बरोबरीच्या. त्यांनी आधी तर्जनी पाहिली, मग मनगटावर नाडी शोधली. नाडी लागली नाही. मग त्यांनी फुगलेल्या शिरेवर अंगठा ठेवून घट्ट दाबला. थरथर थांबली. त्या काकूंच्या बोटांकडे बघत राहिल्या. म्हणून काका-काकूही बघत राहिले.

बोटांमध्ये रंग आला. आधी तळव्याच्या बाजूनं, मग वर सरकत नखांपर्यंत. मनगटावर नाडी उडायला लागली.

"अगंबाई," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी अंगठा उचलला. रंग आला तसा उतरला.

"आम्ही याला चोरीच म्हणतो," त्या म्हणाल्या. "हातात येणारं रक्त बोटांपर्यंत जायला हवं. पण कोपराशी आम्ही एक मोठं दार उघडलंय. रक्ताला तिकडून परत फिरणं सोपं पडतं, म्हणून ते बोटांकडे जातच नाही. मशीनवर असताना रक्तदाब उतरतो, तेव्हा आणखी कमी. कुणाला थोडं गार वाटतं आणि आपोआप बरं होतं. बोटाला जखम होण्यापर्यंत वेळ शंभरात एखाद-दोघांवर येते. जुना मधुमेह असला की धमन्या आधीच अरुंद झालेल्या असतात."

"म्हणजे वरच्या आळीला जास्त सुटलं की शेवटच्या घराचा नळ कोरडा," काका म्हणाले.

"तसंच. आणि शेवटचं घर म्हणजे हे बोट. जखम भरून यायला रक्त लागतं. ते मिळालं नाही तर टोक कापावं लागेल, आणि तिथेच थांबेल असं मी सांगू शकत नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "काम काय करता तुम्ही?"

"कवळ्या बनवते."

"हातानं? कुठल्या?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं.

"डाव्या," काकू म्हणाल्या.

"अगं, उजव्या."

"डाव्या, अहो."

"तू उजव्यानं लिहितेस!"

"लिहिते. कोरते डाव्यानं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडून फक्त लिहिण्याचं विचारलं गेलं का? मग चूक आमची. कामाचंही विचारायला हवं होतं." मग त्यांनी सरळ दोन वाटा सांगितल्या. पहिली म्हणजे फिस्टुला बांधून बंद करून टाकायचा. हात नक्की वाचेल, पण डायलिसिससाठी मानेतली नळी पुन्हा येईल, आणि उजव्या हातावर नवा फिस्टुला होऊन तयार होईपर्यंत तिथेच राहील. दुसरी म्हणजे ते दार बंद न करता अरुंद करायचं, म्हणजे दोन्हीकडे रक्त जाईल. थोडं जास्त आवळलं तर शिरेत गुठळी होऊन फिस्टुला मरतो. कमी आवळलं तर बोट मरतं. "परवा ऑपरेशनची जागा आहे. घरी बोला आणि उद्या सांगा."

दोघं घरी आले. काकांनी चहा केला, काकूंच्या वाट्याचा नेहमीसारखा अर्धा कप. पाणी मोजून प्यायचं असे. मग त्यांनी टोपलीतून एक सफरचंद काढलं, सुरी काढली, दोन्ही काकूंच्या समोर ठेवलं आणि स्वतः खुर्ची ओढून समोर बसले.

"हे काय?"

"सोल. मला बघायचंय."

"आज माझा खेळ मांडलाय का?"

"सोल गं."

काकूंनी सुरी उचलली. उजव्या हातात सफरचंद धरलं आणि डाव्यानं साल काढायला लागल्या. सुरी चालत होती, पण तर्जनीला पात्याचा अंदाज नव्हता. साल तुटत होती. मग सुरी निसटून टेबलावर पडली. काकूंनी ती पुन्हा डाव्याच हातानं उचलली.

काका बघत होते. "एवढी वर्षं मी कुठे बघत होतो?"

"पाण्याकडे."

"तू तरी सांगायचंस. त्या डॉक्टरसमोर मी तोंड वर करून उजवा म्हणालो. तेव्हा तरी म्हणायचंस, की हे गाढव काहीतरी बरळतंय."

"गाढव कसं म्हणू? मी उलटीचं भांडं धरून बसले होते."

काकांना हसू आलं, पण डोळे भरले होते. त्यांनी उठून उगाच ओटा पुसला. पाठमोऱ्यानंच म्हणाले, "अरुंद करायचं. बंद नाही करायचं."

"बंद करून टाका म्हणावं. मला हात हवाय."

"आणि मानेतली नळी? त्या तापात तू मला ओळखत नव्हतीस. बोट गेलं तर एक बोट जाईल. मला तू हवीस."

"मी म्हणजे कोण पण?" काकूंनी सुरी खाली ठेवली. "सकाळी उठणार, गोळ्या घेणार, मशीनवर जाऊन पडणार, घरी येऊन तुमचं तोंड बघणार. तेवढीच मी? तुमचं तोंड काही वाईट नाही, पण दिवसभर बघण्यासारखंही नाही."

काकांनी फडकं ओट्यावर ठेवलं. मग येऊन समोर बसले आणि वेगळ्याच आवाजात, कामाचं सांगावं तसं सांगायला लागले. वस्तीतल्या शेवटच्या घरांना पाणी पोचत नसे. वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर वरची आळी दगड घेऊन येई. मग ते चावी थोडी फिरवत, चालत शेवटच्या घरापर्यंत जात, तिथला नळ उघडून बघत, परत वर येऊन आणखी थोडी फिरवत. "पायाचे तुकडे पडायचे. पण दोन्हीकडे जाईल एवढी एक जागा असतेच गं. एकदाच बघू. नाही जमलं तर बंद. मी हू की चू करणार नाही."

"लिहून द्या."

"अक्षर तुझं चांगलं आहे. तूच लिही, मी सही करतो."

ऑपरेशनला काकूंना पूर्ण भूल दिली नाही, नुसता कोपराभोवतीचा भाग बधिर केला. मध्ये हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे डॉक्टरबाई शिरेभोवती धागा गुंडाळत होत्या, थोडा आवळत होत्या आणि थांबत होत्या. पडद्याअलीकडे काकूंच्या बोटाला एक चिमटा लावला होता. एक छोटं यंत्र रक्ताचा आवाज ऐकवत होतं. सुरुवातीला धबधब्यासारखा सततचा घरघराट होता.

"बोटांत काही कळतंय?"

"नाही."

धागा आणखी आवळला. "आता?"

"मुंग्या आल्यासारखं."

"आता?"

"तर्जनीत ठोके पडतायत. दुखतंय हो. पोळलंय तिथे चांगलंच दुखतंय."

"उत्तम," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तिथे गाठ मारली.

बाहेर त्यांनी काकांना सांगितलं की काम मनासारखं झालं आहे, पण खरी परीक्षा पुढच्या डायलिसिसला होईल. मशीन सुरू झाल्यावर हात पुन्हा गार पडला तर या गाठीचा उपयोग नाही. मग सोमवारी फिस्टुला बंद करायचा आणि त्याच टेबलावर मानेत नळी. काकांनी मान हलवली. घरी त्यांनी दिवसातून दहा वेळा शिरेवर तळवा ठेवला. गुरगुर मंद झाली होती, पण होती. काकू वैतागल्या. "सारखं काय चाचपताय? मी काय नळ आहे?"

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला होता. टेलिफोनवाल्या बाईंचं काम दुसरीकडे पाठवू का, असं त्यांनी चाचरत विचारलं. बाईंनाही विचारून झालं होतं. बाई म्हणाल्या होत्या, बोळक्यानं इतके दिवस काढले, आणखी काढीन. फट त्यांच्याकडूनच घेईन. काकूंनी हे काकांना सांगितलं नाही. सोमवारपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतं.

डायलिसिसच्या दिवशी सिस्टरनं नियम मोडला. नातेवाइकांना आत बसू देत नाहीत, पण काकूंच्या डाव्या बाजूला तिनं एक स्टूल आणून ठेवलं. "काका, बोटं धरून बसा. गार पडायला लागली की लगेच सांगायचं. कोपर हलवू द्यायचं नाही, सुया आहेत."

काकांनी दोन्ही तळव्यांत ती बोटं घेतली. तर्जनीला पट्टी होती, ती सांभाळून.

मशीनची चाकं फिरायला लागली. अध्यक्ष म्हणाले, "काका, मीही तीन वर्षं इथे पडलोय, माझा हात कुणी धरला नाही."

"तुम्ही मागितलात कधी?"

"मागायचा असतो होय? मला वाटलं, तेही डॉक्टर लिहून देतात."

पहिला तास गेला. करंगळी जायची ही वेळ. काकूंनी डोळे मिटून लक्ष करंगळीवर ठेवलं होतं. ती तिथेच होती. जरा कोमट, जरा गार, नक्की सांगता येईना. काका मध्येच बोटं उलटी करून नखं बघत. सिस्टर येऊन रक्तदाब घेऊन जाई. तो उतरला होता, नेहमीसारखा. काकांनी तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का पाहिलं. काही कळलं नाही.

"काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतंय? हात तुमच्याकडे आहे."

"मला माझाच हात गरम लागतोय. मग कळेना झालंय."

"मग सोडा नि पुन्हा धरा."

त्यांनी सोडला, तळवे पँटला पुसले, दोन फुंकरा मारल्या आणि पुन्हा धरला. तरीही नीट कळेना. तसेच धरून बसले.

दुसरा तास सुरू झाला. अध्यक्ष घोरायला लागले. खिडकीतून ऊन आत येऊन फरशीवर पसरलं. काकूंना सोमवार दिसत होता. मानेखालची ती जागा, पट्टी, तापातली ती थंडी. मग हळूहळू सोमवारही दिसेनासा झाला. त्या मशीनवर कधी झोपत नसत. हात जात असताना झोप कशी येणार? आज त्यांची मान बाजूला कलली आणि तोंड थोडं उघडं पडलं. काका जागचे हलले नाहीत. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, पाठ धरली. सिस्टरनं खुणेनंच विचारलं, "ठीक?" त्यांनी खुणेनं सांगितलं, "माहीत नाही."

मशीन संपायला थोडा वेळ उरला होता तेव्हा काकू जाग्या झाल्या. कुठे आहोत हे कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी भुवया आक्रसल्या आणि डावा हात किंचित ओढला.

"दुखतंय का?" काका घाबरले. "गार पडला का?"

"अहो, सोडा आता," काकू म्हणाल्या. "घामानं भिजलाय माझा हात."